फुल ट्रायथलॉनची तयारी: स्वतःला आवरायला शिकताना

लांब पल्ल्याची ट्रायथलॉन म्हटलं की लोकांना जिद्द आठवते. दात-ओठ खाऊन पुढे जाणं, वेदना सोसणं. जिद्द लागतेच, त्याबद्दल वाद नाही. पण या सगळ्यातून गेल्यावर मी ठामपणे सांगते, इथे सगळ्यात जास्त सराव लागतो तो स्वतःला आवरण्याचा. पायात जोर असताना हळू जायचं, भूक नसताना खायचं, मन ‘अजून थोडं’ म्हणत असताना झोपायला जायचं.

आकडे आधी सांगून टाकते. फुल डिस्टन्स म्हणजे ३.८ किमी पोहणं, १८० किमी सायकल आणि शेवटी ४२.२ किमीची पूर्ण मॅरेथॉन. सगळं सलग. बहुतेक शर्यतींत एकूण मर्यादा साधारण १७ तासांची असते आणि पोहण्याचा कटऑफ वेगळा, साधारण २ तास २० मिनिटांचा. मी मुळात धावणारी, सायकलही जमत होती. पोहणं मात्र जवळपास नव्याने शिकावं लागलं.

पूलमध्ये तळाला काळी रेघ असते आणि दमलं की धरायला कठडा असतो. ओपन वॉटरमध्ये, म्हणजे तलावात किंवा समुद्रात, यातलं काहीच नाही. डोकं पाण्यात घातलं की समोर नुसता हिरवट धूसरपणा, स्वतःचा पुढे गेलेला हातही जेमतेम दिसतो. थंड पाणी चेहऱ्याला लागलं की श्वास आपोआप तुटक होतो, छाती आवळल्यासारखी वाटते. ही शरीराची प्रतिक्रिया आहे, तिला भित्रेपणा समजू नकोस, असं आमच्या कोचनी पाण्यात उतरण्याआधीच बजावलं होतं. त्यांची सूचना एकच असायची: “श्वास घ्यायची काळजी करू नकोस, तू फक्त सोडत राहा.” त्यामागचं कारण कळलं तेव्हा माझी भीती निम्मी झाली. श्वास रोखून धरला की कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि गुदमरल्याची भावना मुख्यतः त्यातून येते. पाण्याखाली नाकातोंडातून सतत बुडबुडे सोडत राहिलं की पुढचा श्वास आपसूक पुरेसा येतो. सुरुवातीचे कितीतरी सराव मी अंतर मोजलंच नाही. थोडं पोहायचं, पाठीवर तरंगायचं, आकाश बघत श्वास लांबवायचा, पुन्हा पालथं व्हायचं. मग साइटिंग: ठरावीक हात मारून झाले की मगरीसारखे फक्त डोळे पाण्यावर काढायचे, पुढचा बोया (मार्ग दाखवणारा तरंगता फुगा) बघायचा आणि श्वास बाजूला वळूनच घ्यायचा. मान उंचावली की कंबर बुडते आणि वेग जातो. घोळक्यातल्या धक्काबुक्कीची सवय व्हावी म्हणून आम्ही मुद्दाम एकमेकींना खेटून पोहायचो, खोल पाण्यात गॉगल काढून पुन्हा चढवायचो. ज्यांना पोहण्याची धास्ती वाटते त्यांनी वेटसूट आणि घड्याळावर खर्च करण्याआधी हा सराव करावा, असं माझं मत आहे.

सायकल आणि धावण्यात माझी कसोटी वेगळी होती. आठवड्यातला बहुतांश सराव झोन टूमध्ये, म्हणजे पूर्ण वाक्यं सहज बोलता येतील इतक्याच जोरात करायचा. जोराचे सराव मोजके, पण ते खरोखर जोराचे. धावणाऱ्याला हे फार जड जातं. छोटा चढ आला तरी हार्ट रेट मर्यादेबाहेर जातो आणि घड्याळ वाजू लागतं. मग चालायचं. मागून येणारे पुढे निघून जातात, त्यांना जाऊ द्यायचं. पण याच संथ तासांत स्नायूंमधलं केशवाहिन्यांचं जाळं वाढतं, मायटोकॉन्ड्रिया (पेशींमधली ऊर्जा तयार करणारी केंद्रं) वाढतात आणि शरीर चरबीचं इंधन जास्त वापरायला शिकतं. स्नायूंत आणि यकृतात साठलेलं ग्लायकोजेन, म्हणजे शरीराचा साखरेचा साठा, ढोबळमानाने २,००० कॅलरींच्या आसपास असतं. दिवसभराच्या शर्यतीला ते कुठलं पुरायला! म्हणून ते वाचवत जायचं. काही महिन्यांनी त्याच हार्ट रेटवर माझा वेग वाढलेला दिसू लागला तेव्हा मला जो आनंद झाला, तो कुठल्याही पदकाने झालेला नाही.

खाण्याला ट्रायथलॉनवाले चौथा खेळ म्हणतात, ते शंभर टक्के खरं आहे. १९७८ मध्ये हवाईतल्या ओआहू बेटावर पहिली आयर्नमॅन, म्हणजे याच अंतरांची शर्यत, झाली, त्यात १५ जण उतरले आणि १२ जणांनी ती पूर्ण केली. सायकल संपली तेव्हा जॉन डनबार पुढे होता. मॅरेथॉनमध्ये त्याच्या मदतनिसांकडचं पाणी संपलं, त्यांनी त्याला बिअर दिली आणि गॉर्डन हॅलरने त्याला मागे टाकून ११ तास ४६ मिनिटांत शर्यत जिंकली. आज आपल्याला बरंच जास्त माहीत आहे. नुसत्या ग्लुकोजचं शोषण तासाला साधारण ६० ग्रॅमपर्यंत होतं. फ्रुक्टोज आतड्यात वेगळ्या वाटेने शोषलं जातं, म्हणून दोन्हींचं मिश्रण घेतलं तर ९० ग्रॅमपर्यंत जाता येतं. पण हे पोटाला शिकवावं लागतं. लांबच्या राइडला मी घड्याळात दर वीस मिनिटांचा गजर लावायचे आणि वाजला की खायचे, इच्छा असो-नसो. सुरुवातीला पोट फुगायचं. मग प्रमाण थोडं कमी करून आठवड्यागणिक वाढवत नेलं. पाण्याचंही तसंच. घाम गाळत असताना तासन्‌तास नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम घातक पातळीपर्यंत उतरू शकतं. मी सरावाच्या आधी आणि नंतर वजन करून घामाचा अंदाज काढला आणि त्यावरून पाणी व इलेक्ट्रोलाइट (सोडियमसारखे क्षार) ठरवलं.

इथे बायकांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहिते. सराव वाढला आणि जेवण तेवढंच राहिलं तर शरीर काटकसर सुरू करतं, आणि पाळी अनियमित होणं ही त्याची ठळक खूण असते. ‘ट्रेनिंगमुळे होतं असं’ म्हणून ती सोडून देऊ नका. हाडांवर परिणाम होतो. मी माझ्या ट्रेनिंग डायरीत झोप आणि सकाळच्या हार्ट रेटच्या शेजारी पाळीचाही रकाना ठेवला होता. पुरुषांनाही ऊर्जेची अशी तूट पडते, फक्त त्यांच्याकडे इतकी उघड खूण नसते.

मनाच्या तयारीसाठी मी वेगळं काही केलं नाही. ती सरावातच झाली. सायकलवरून उतरून लगेच धावायचं, त्याला ब्रिक म्हणतात. पहिला किलोमीटर पाय परके वाटतात, आपण रांगतोय असं वाटतं, आणि घड्याळ बघावं तर वेग ठरवल्यापेक्षा जास्तच असतो. शरीराची जाणीव आणि वस्तुस्थिती यांत किती अंतर पडू शकतं, हे मला ब्रिकने शिकवलं. मग मी एक सवय लावून घेतली. ‘आता नाही जमणार’ हा विचार आला की त्याच्याशी वाद घालायचा नाही, तीन गोष्टी तपासायच्या: शेवटचं कधी खाल्लं, हार्ट रेट किती आहे, खांदे आवळलेत का. बऱ्याचदा निराशा ही निव्वळ साखर उतरल्याची सूचना निघायची. जेल (पाकिटातलं साखरेचं घट्ट मिश्रण) घेतल्यावर पंधरा मिनिटांत जग बदलायचं.

शर्यतीच्या दिवशी पोहणं सुरळीत झालं. सायकलचा पहिला तास सगळ्यात मोहाचा होता. टेपरमुळे, म्हणजे शर्यतीआधी सराव कमी केल्यामुळे, पाय ताजे होते, लोक झपाझप पुढे जात होते आणि मी ठरवलेल्या मर्यादेतच पॅडल मारत होते. खरी परीक्षा मॅरेथॉनच्या मध्यानंतर आली. पोट बंद झालं. जेलचं पाकीट फोडलं तरी वास नको वाटायचा. तेव्हा वेग उतरवला, प्रत्येक एड स्टेशनवर (वाटेतल्या खाण्यापिण्याच्या टेबलांपाशी) चालत जाऊन कोलाचे दोन-दोन घोट घेतले आणि तोंडात बर्फ धरला. पोट मोकळं व्हायला वेग कमी करणं हाच उपाय असतो, कारण जोरात पळताना रक्त पोटाकडून पायांकडे वळलेलं असतं. हळूहळू घोट टिकू लागले, मग पुन्हा धावता आलं. शेवटच्या टप्प्यात मी किलोमीटर मोजणं सोडून पुढचं एड स्टेशन एवढंच डोळ्यांसमोर ठेवलं. कटऑफच्या बरीच आत फिनिश लाइन ओलांडली.

त्यानंतरच्या आठवड्यांबद्दल फारसं कुणी सांगत नाही. अंगदुखी लवकर जाते, पण रोजचं वेळापत्रक एकदम नाहीसं झाल्यावर मोठी पोकळी येते. मला उगाच रडू यायचं. लगेच पुढच्या शर्यतीत नाव घालावंसं वाटलं, तेव्हा कोच म्हणाले, “महिनाभर थांब, मग मला विचार.” मी थांबले. भरपूर झोपले, घड्याळ न लावता पोहले. आता पुढच्या हंगामासाठी हाफ निवडली आहे: १.९ किमी पोहणं, ९० किमी सायकल, २१.१ किमी धावणं. तिथे जरा जोर लावायला वाव आहे. किती लावायचा, ते पुढच्या काही महिन्यांच्या झोन टूमध्ये कळेल.