सामी सुताराचं दार

कार्ल्याला न गेलेला पुणेकर सापडणं कठीण, आणि कार्लं नीट पाहिलेला सापडणं त्याहून कठीण. शाळेची सहल तिथेच गेलेली असते. घरातलं कुणी नवस फेडायला गेलेलं असतं. लोणावळ्याहून परतताना पाहुण्यांसाठी गाडी वळवलेली असते. एवढं होऊन आठवतं काय, तर पायऱ्या, डब्यातली बटाट्याची भाजी आणि एकवीरेची रांग. त्या रांगेला खेटून डोंगराच्या पोटात जी बौद्ध लेणी कोरून ठेवलीयत, ती फोटोत मागे दिसतात तेवढीच.

त्यामुळे ‘देहूरोड, भाजे, कार्ले : अर्धा दिवस, जाणकारांसोबत’ असा निरोप मोबाइलवर आला, तेव्हा घरून पहिला प्रश्न आला, “पाहिलंय की सगळं. गाइड कशाला?” गाइड घेणं आपल्याकडे थोडं कमीपणाचंच समजतात. दुसऱ्यांनी ठरवलेल्या गाइडपासून चार पावलं लांब उभं राहून फुकटात ऐकायचं आणि जाता जाता त्याचीच एखादी चूक काढायची, ही खरी रीत. मी मात्र पैसे भरून टाकले. न कळता पाहिलेल्या गोष्टी कुणीतरी बोट ठेवून दाखवाव्यात, असं वाटायला लागलंय हल्ली.

मिनीबस सकाळी सहाला डेक्कनवरून निघाली. सोबतच्या मॅडम बरीच वर्षं पाली भाषा आणि प्राचीन इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. कर्वे रस्त्याला लागणाऱ्या गारव्यात त्यांनी माइक नको म्हणून सांगितलं आणि शेवटपर्यंत घेतलाही नाही. पुण्याचं आणि पालीचं नातं जुनं आहे, हे त्यांनी वाटेत सांगितलं. धर्मानंद कोसंबी फर्ग्युसनमध्ये पाली शिकवायचे. त्यांचे चिरंजीव दामोदर कोसंबी, खरं तर गणिताचे प्राध्यापक, डेक्कन क्वीननं मुंबईला जा-ये करायचे आणि सवड मिळाली की जुन्या घाटवाटा नि लेणी पायी हिंडायचे. कार्ल्याच्या शिलालेखांवर त्यांनी काम केलंय. लेणी आडरानात नाहीत, कोकणातल्या बंदरांतून घाटावर येणाऱ्या व्यापारी वाटांवर आहेत, हे त्यांनी पायाखालच्या जमिनीवरून दाखवून दिलं.

माझ्या शेजारी एक काका होते. रास्ता पेठेत त्यांचा फर्निचरचा कारखाना, आता मुलगा बघतो. “मुलीनं परस्पर नाव घातलं, म्हणून आलो. मला यातलं काही कळत नाही,” असं त्यांनी बसल्या बसल्या जाहीर केलं आणि दशमी पुढे केली.

पहिला थांबा देहूरोड. मुंबईला जाता-येता देहूरोड म्हणजे माझ्या लेखी लष्कराचा डेपो आणि तुंबलेली वाहतूक. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे बुद्धमूर्तीची स्थापना केली. मूर्ती रंगूनहून आलेली. नागपूरची धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची, म्हणजे ही घटना तिच्या जवळजवळ दोन वर्षं आधीची. आम्ही पोचलो तेव्हा आत वंदना चालली होती. पुढे पाच-सात बायका पांढऱ्या साड्यांत, मागे शाळेच्या गणवेशातला एक मुलगा जांभया आवरत बसलेला. आमचा घोळका दारात अवघडून उभा राहिला. एका आजींनी वंदना न थांबवता नुसत्या हातानं भिंतीकडची जागा दाखवली. काका चटकन जाऊन बसले, पाठीला टेकायला मिळालं म्हणून असेल.

मॅडम आत चकार शब्द बोलल्या नाहीत. बाहेर आल्यावर चपला घालताना म्हणाल्या, “थेट भाज्याला नेलं की लोकांना वाटतं, हे सगळं होऊन गेलेलं, संपलेलं काहीतरी बघतोय. म्हणून आधी इथे.” सहलीचा क्रम लावण्यातही एवढा विचार असतो, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

भाज्याला मळवली स्टेशनावरून आत जायचं, गाव ओलांडून पायऱ्या चढायच्या. वर लोहगड-विसापूर. पावसाळ्यात इथे धबधब्याखाली भिजणाऱ्यांची जत्रा असते. थंडीत मात्र चैत्यगृहासमोर आम्हीच. चैत्यगृह म्हणजे पूजेचा दालनवजा गाभारा : शेवटी गोल बाजूला स्तूप, दोन्हीकडे खांबांची ओळ, खांब आणि भिंत यांच्यामधून प्रदक्षिणेची वाट. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं हे काम. मॅडम हे सांगत होत्या आणि काका एका खांबापाशी जाऊन एक डोळा मिटून उभे होते.

“खांब ओळंब्यात नाहीत,” ते म्हणाले.

खरंच नव्हते. सगळे अष्टकोनी खांब वर जाताना किंचित आत कललेले. एकदा दिसलं की दिसतच राहतं. मॅडमचा चेहरा उजळला. “लाकडी बांधकामात खांब असे कलते ठेवायचे, छताचा रेटा बाहेर जातो तो अडवायला. हे करणाऱ्यांना लाकडाचं काम माहीत होतं. दगडातही तसंच केलं.”

“पण इथे रेटा कुठाय? अख्खा डोंगर एकसंध.”

“नाहीच.”

मग काकांनी वर पाहिलं. छताला खऱ्या लाकडाच्या कमानदार फासळ्या आहेत. दोन हजार वर्षांहून जुनं लाकूड, अजून जागच्या जागी. “आणि हे? हेही भार घेत नाही?” नाही. “मग लावलं कशाला?” मॅडम हसल्या. “सवय.” काका बराच वेळ मान वर करून उभे राहिले. साग असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं. पुढची दर्शनी बाजू पूर्वी लाकडाचीच होती, ती केव्हाच गेली. तिचे कुसू, म्हणजे लाकडांची खाचेत बसणारी टोकं, बसवायच्या खाचा दगडात राहिल्यात. त्या काकांनी एकेक बोट घालून पाहिल्या. बाकीच्यांना त्या खाचा म्हणजे भोकं होती. काकांना तिथे चौकट दिसत असावी.

पुढे स्तूपांचा एक जमाव आहे, पाच गुहेच्या आत आणि नऊ बाहेर, असे चौदा. इथल्या थोर भिक्षूंची ही स्मारकं. धम्मगिरी, संघदिन अशी नावं त्यांवर आहेत. शेवटच्या विहारात, म्हणजे भिक्षूंच्या राहायच्या लेण्यात, रथातला देव आणि हत्तीवरचा देव कोरलाय. सूर्य आणि इंद्र म्हणतात, अभ्यासकांचं त्यावर एकमत नाही. आमच्यातल्या दोघांचंही झालं नाही. मला मात्र पाण्याचं टाकं आवडलं. त्यावरच्या लेखात ‘पोढी’ म्हटलंय, आणि महारठी (हा त्या काळचा किताब) कोसिकीपुत विण्हुदत्त यानं ती दिली, असं नावनिशीवार लिहिलंय. डोंगरावर पाण्याची सोय करून देणारा माणूस. बाकी काही कोरलं नसतं तरी एवढं पुरलं असतं.

बसमध्ये परत बसलो तेव्हा बोलण्याची गाडी देणग्यांवर गेली. आमच्या घराजवळच्या मारुतीच्या देवळात छताच्या पंख्यांवर देणगीदारांची नावं आहेत. एकेका पात्यावर लाल रंगात : ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’. पंखा बंद असला तरच वाचता येतात, आणि पुजारी उकाड्यात पंखा बंद करू देत नाहीत. भिंतीवरच्या घड्याळावर नाव, बाकावर नाव, पायरीच्या फरशीवर नाव, त्यावर आपण पाय द्यायचा. कुणी किती रुपये दिले, तेही असतं. मी हे जरा चेष्टेनं सांगत होतो. मॅडम म्हणाल्या, “कार्ल्याला या, मग बोलू.”

कार्ल्याच्या पायऱ्यांवर नारळ, फुलं, हळद-कुंकू, सरबताच्या गाड्या. खालून एक कोळी कुटुंब वर चाललेलं, अंबाड्यात अबोलीचे गजरे, पुढे ताशा. ‘उदो उदो’चा गजर चैत्याच्या दगडावर आपटून दुप्पट होऊन येत होता. चैत्यगृहाच्या तोंडाशीच एकवीरेचं देऊळ आहे. आमच्यातल्या निम्म्यांचे पाय आपोआप रांगेकडे वळले. मला वाटलं, मॅडम वैतागणार. त्या म्हणाल्या, “दर्शन घ्या, घाई करू नका. साडेदहाला आत हत्तींपाशी या.” गाइडला हे जमलं पाहिजे. रांगेतून येणारी माणसं प्रसन्न असतात, प्रसन्न माणसं जास्त ऐकतात.

डाव्या हाताला सिंहस्तंभ. चार सिंह पाठीला पाठ लावून. महारठी अगिमित्रणक, गोतीचा मुलगा, याचं हे दान. व्हरांड्याच्या डाव्या टोकाला भूतपालाचा लेख : वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीनं, म्हणजे सावकारानं, हे शैलगृह पूर्ण केलं, जंबुद्वीपात (म्हणजे भारतात) उत्तम. वैजयंती म्हणजे कर्नाटकातलं बनवासी. उत्तम म्हणून आपल्याच कामाला शेरा द्यायची हातोटी पुण्याबाहेरही होती तर. पण आत गेल्यावर भूतपालाशी वाद घालावासा वाटत नाही. सव्वाशे फुटांच्या आसपास लांब दालन, सदतीस खांब, त्यांतल्या दोन्ही बाजूंच्या खांबांच्या माथ्यावर गुडघे टेकलेल्या हत्तींवर बसलेली जोडपी, आणि समोरच्या मोठ्या कमानीतून आलेला उजेड थेट स्तूपावर. स्तूपावरची छत्री लाकडाची, मूळची. काका तिच्या खाली उभे राहून तिच्या आतल्या बाजूचं कोरीवकाम बघत राहिले. बाहेरच्या भिंतीवर जोडप्यांच्या अधेमधे बुद्धमूर्ती आहेत, त्या काही शतकांनंतर जुनं काम तासून घातलेल्या.

बऱ्याच खांबांवर देणाऱ्याचं नाव. बरेचजण धेनुकाकटा नावाच्या गावचे. त्यांत यवन आहेत, म्हणजे ग्रीकांकडचे लोक. इतर लेखांत भिक्षुणी आहेत, व्यापारी आहेत. मॅडमनी बॅटरीचा झोत तिरका धरला. समोरून धरला की अक्षरं पुसली जातात, बाजूनं धरला की उठून येतात. “ब्राह्मी लिपीतला क अधिकच्या चिन्हासारखा,” त्या म्हणाल्या. “आता शोधा. लागोपाठ दोन अधिक दिसले की धेनुकाकटा.” पाच मिनिटांत सगळे शोधायला लागले. शाळेतल्या एका मुलीनं तीन खांबांवर शोधून काढलं. तिची आई अजून रांगेत होती.

उसभदाताचा लेखही इथे आहे, नहपान या शक क्षत्रपाचा, म्हणजे राजाचा, जावई. पावसाळ्याचे महिने इथे मुक्काम करणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी त्यानं करजिक नावाचं गाव दिलं. नंतर सातवाहनांची सत्ता आल्यावर तेच गाव त्याच लेण्यांना परत दिल्याचा वेगळा लेख आहे. आमच्यात महसूल खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. त्यांनी मान डोलावली. “मालक बदलला की नवा फेरफार.”

मधल्या दाराजवळ मॅडमनी काकांना मुद्दाम पुढे बोलावलं. इथे दोन लेख. एकात धेनुकाकटाचा गंधिक सिंहदत्त यानं दाराचं दान केलं, असं आहे. गंधिक म्हणजे अत्तर-सुगंधी विकणारा. दुसऱ्यात धेनुकाकटाचाच वढकी सामी, वेणुवासाचा मुलगा, यानं दार केलं.

“वढकी म्हणजे?” काकांनी विचारलं.

“सुतार.”

काका दगडावर वाकले. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाकले. पैसे देणाऱ्याचं नाव आणि काम करणाऱ्याचं नाव, एकाच दारावर. आमच्या मारुतीचे पंखे मला तेव्हा आठवले. तिथला सभामंडप कुणाच्या देणगीतून झाला, ते संगमरवरावर आहे. बांधला कुणी, हे विचारलं तर विश्वस्तांनाही सांगता येणार नाही. पुण्यातले एवढे वाडे, त्यांचे कोरीव दरवाजे, त्यांवरची कमळं नि मोर. मालकाचं नाव रस्त्याला असतं. सुताराचं कुठे वाचलेलं आठवत नाही. लेण्यांतही सगळ्या कारागिरांची नावं आहेत असं नव्हे, बहुतेकांची नाहीतच. पण एकाचं तरी आहे, आणि बापाच्या नावासकट आहे.

काकांनी मला फोन दिला आणि दारापाशी फोटो काढायला लावला. पोटावर हात बांधून, शाळेच्या ग्रुप फोटोत उभे राहतात तसे सरळ उभे राहिले.

उतरताना त्यांचं बोलणं सुरू झालं ते बसपर्यंत संपलं नाही. चाळीस वर्षांत केलेली कामं. एका देवळाचे दरवाजे. एका बंगल्याचा जिना, ज्याचे अर्धे पैसे अजून यायचेत. “कपाटाच्या पाठीमागं आम्ही पेन्सिलीनं माप लिहितो, तारीख लिहितो. नाव नाही लिहीत. का नाही लिहीत, कुणास ठाऊक.” चिक्कीसाठी गाडी थांबली तरी ते खाली उतरले नाहीत. वळून मॅडमना म्हणाले, “एक विचारू का? त्या सिंहदत्तानं सामीचे पैसे वेळेवर दिले असतील?”

मॅडम म्हणाल्या, “लेखात तसं काही नाही हो.”

“नसणारच. लेख कोरणाऱ्याचंही बिल सिंहदत्ताकडेच असणार.”