शिरोलीचे पाटील, गोकुळ शिरगावचे पाटील

पावसाळ्यात शिरोली एमआयडीसीत कामाला जायचं तर कोल्हापुरातला माणूस आधी राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. त्या दिवशी पाणी इशाऱ्याच्या आसपास होतं. २०१९ आणि २०२१ ला महामार्ग बंद पडलेला सगळ्यांनी बघितलाय, म्हणून मी सकाळी लवकरच पंचगंगा ओलांडून पलीकडं जाऊन बसले. बसते न बसते तोच क्वालिटीतल्या पाटील साहेबांचा फोन. "मॅडम, गोकुळ शिरगावच्या स्टोअरच्या पोरांच्या रजा माझ्याकडं कशा काय यायला लागल्यात? दोन तर मी मंजूर बी केल्या."

का मंजूर केल्या हे विचारायच्या भानगडीत मी पडले नाही.

ही एक फौंड्री. नाव सांगत नाही. एक युनिट शिरोलीला, दुसरं गोकुळ शिरगावला, आणि दोन्हीकडचं पेरोल वेगळं. दोन्ही पेरोलमधून रोज एक फाइल निघते, ती आयडेंटिटी मॅनेजर नावाचं सॉफ्टवेअर वाचतं, आपल्या व्हॉल्टमध्ये, म्हणजे माणसांच्या मुख्य यादीत, त्या माणसाची नोंद करतं आणि तिथून पुढं अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे कंपनीच्या लॉगिनांच्या यादीत, त्याचं लॉगिन तयार होतं. माणसाचं खातं (डिपार्टमेंट) कुठलं आणि साहेब कोण, हे रजेचं पोर्टल तिथूनच उचलतं. शिरोलीची फाइल बरीच वर्षं चालू होती. गोकुळ शिरगावचा ड्रायव्हर, म्हणजे त्या पेरोलला व्हॉल्टशी जोडणारा प्रोग्राम, आदल्याच आठवड्यात सुरू झाला होता, एका बाहेरच्या कंत्राटदारानं बसवलेला. तो काम उरकून गेला आणि देखभाल आमच्याकडं आली.

पहिलं काम म्हणजे अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचा ड्रायव्हर थांबवला. थांबवला, डिसेबल नाही केला. हा फरक नवीन पोरांना मी दरवेळी सांगते: थांबवलेल्या ड्रायव्हरसाठी व्हॉल्टमधले बदल रांगेत साठत राहतात, डिसेबल केलेल्यासाठी साठतच नाहीत, आणि मग नंतर काय निसटलं ते शोधत बसावं लागतं. गोकुळ शिरगावचा ड्रायव्हरही थांबवला आणि डिझायनर उघडला.

डिझायनर म्हणजे या नियमांचा चित्रातला संपादक. हे सॉफ्टवेअर मूळ नोव्हेल कंपनीचं डिरएक्सएमएल, पुढं त्याचंच आयडेंटिटी मॅनेजर झालं. नियम आतून सगळे एक्सएमएलमध्येच, म्हणजे कोडसारख्या मजकुरातच असतात. पण डिझायनरमध्ये मधोमध व्हॉल्ट दिसतो, त्याला जोडलेल्या रेघा, रेघेच्या टोकाला पेरोल, अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी वगैरे. ड्रायव्हरवर गेलं की नोंद आत येताना कुठल्या कुठल्या टप्प्यातून जाते ते ओळीनं दिसतं: आधी इव्हेंट ट्रान्सफॉर्मेशन, मग मॅचिंग (हा माणूस आधीच आहे का), क्रिएशन (नसेल तर नवा करायचा का), प्लेसमेंट (कुठं ठेवायचा), शेवटी कमांड ट्रान्सफॉर्मेशन. आमच्यातले जुने लोक याला नाकं मुरडतात. त्यांचं म्हणणं, एक्सएमएल वाचता येत नाही त्यानं या कामात पडू नये. मीही थोडीफार त्याच मताची होते.

मॅचिंगमध्ये एकच नियम होता. तो मी बघत होते तेव्हा टाइम ऑफिसचे आण्णा शेजारी येऊन उभे राहिले. निवृत्तीला आलेला माणूस, दोन्ही युनिटांत नोकरी केलेला. हजेरीची काहीतरी तक्रार घेऊन आले होते, पण स्क्रीनवरचे चौकोन बघून थांबले. "हे काय वाचताय मॅडम?" नियम मी त्यांना मराठीतून सांगितला: नवीन माणसाची नोंद आली, की व्हॉल्टमध्ये तेच नाव आणि तेच आडनाव असलेला कुणी आहे का शोध, सापडला तर तोच हा असं धर.

"एवढंच?" आण्णा म्हणाले. "बापाचं नाव न्हाई, गाव न्हाई? अहो, शिरोलीत पाटील हाका मारला तर निम्मी मोल्डिंग शॉप मागं वळंल!"

चूक मला तोवर दिसली होतीच. पण ती फक्त पाटलांचीच का, आणि सगळ्या पाटलांची का नाही, हे चित्रात दिसत नव्हतं. ते ट्रेसमध्ये, म्हणजे इंजिननं पायरीपायरीनं काय केलं त्याच्या नोंदवहीत, मिळालं. नाव-आडनाव जुळणारे दोघंतिघं सापडले की इंजिन गोंधळतं, चूक नोंदवतं आणि ती नोंद तिथंच अडकते. एकच सापडला की बिनदिक्कत जोडून टाकतं. म्हणजे ज्या नावाचे शिरोलीत दोघं होते ते वाचले, आणि ज्या नावाचा शिरोलीत एकटाच होता तो फसला. आमचे क्वालिटीचे पाटील त्यांच्या पूर्ण नावाचे शिरोलीत एकटेच. त्यामुळं गोकुळ शिरगावच्या स्टोअर इनचार्ज पाटलांची नोंद येऊन त्यांच्यावर बसली. खातं बदललं, साहेब बदलले, आणि स्टोअरच्या पोरांचे साहेब म्हणून हेच दिसायला लागले. खऱ्या स्टोअरच्या पाटलांचं लॉगिन तयारच झालं नव्हतं. ते बिचारे आठवडाभर शेजारच्याच्या लॉगिनवर काम करत होते, आणि त्यांना वाटत होतं नवीन सिस्टीम असंच असतं.

ट्रेसमधून काढलेली यादी बघून आण्णा खुर्ची ओढून बसले. चहा मागवला. पुढचे दोनेक तास त्यांनी मला या फौंड्रीतली माणसं शिकवली.

मी म्हटलं, टोकन नंबरवर जुळवू. ते हसले. टोकन दोन्हीकडं एकपासूनच सुरू. शिरोलीचा ४१२ निराळा, गोकुळ शिरगावचा ४१२ निराळा. बरं, मग युनिटचा कोड आणि टोकन मिळून? तेही चालंना, कारण इकडून तिकडं बदली झाली की टोकन नवीन मिळतो, आणि त्याच माणसाची दुसरी नोंद उभी राहते. मग आण्णांनीच तोडगा काढला: पीएफचा यूएएन. २०१४ पासूनचा हा बारा आकडी नंबर कंपनी बदलली तरी बदलत नाही, आणि दोन्ही पेरोलमध्ये तो असतोच. अप्रेंटिसना मात्र पीएफ नाही, त्यामुळं यूएएनही नाही. तेवढ्यांच्यासाठी युनिट आणि टोकन. एचआरमधून कुणीतरी आधारचं नाव काढलं. ते मी तिथंच मोडून काढलं.

नियम तिथल्या तिथं बांधले. यूएएन आलेला असेल तर फक्त त्यावर शोध. नसेल तर युनिट आणि टोकन. तेही नसेल तर व्हेटो, नोंद पुढं जाणारच नाही. एकेक अट लावताना आण्णा स्क्रीनवर बोट ठेवून विचारत होते, "म्हंजे हे लागलं न्हाई तर ह्यो खालचा चौकोन बघतंय?" हेच मी एक्सएमएलमध्ये लिहिलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती आणि चहा पिऊन गेले असते. नियम कुणाला वाचता येतो याला या कामात किंमत आहे. माणसं मला माहीत नाहीत, त्यांना माहीत आहेत. कुठली माहिती पुढं जाऊ द्यायची ते ठरवणाऱ्या ड्रायव्हरच्या फिल्टरमध्ये यूएएन अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीकडं जाणार नाही एवढं मात्र मी न विचारता केलं.

मग डिझायनरमधलाच सिम्युलेटर, नियम खोटा खोटा चालवून बघायचा. फाइलमधली खरी ओळ घेऊन आधी जुन्या नियमातून सोडली: क्वालिटीच्या पाटलांवर जाऊन बसली. नव्यातून सोडली: जुळणारं कुणी नाही, क्रिएशनकडं रवाना. हे सगळं माझ्या लॅपटॉपवरच्या प्रोजेक्टमध्ये. डिप्लॉय करेपर्यंत, म्हणजे नियम सर्व्हरवर चढवेपर्यंत, सर्व्हरला यातलं काहीच कळत नाही, म्हणून बिनधास्त प्रयोग करता येतात. डिप्लॉयच्या आधी तुलना करून बघितली, तर सर्व्हरवर एक बदल असा निघाला की जो प्रोजेक्टमध्ये नव्हता. आयमॅनेजरमधून, म्हणजे ब्राउझरमधल्या अ‍ॅडमिनच्या पानावरून, कुणीतरी थेट चालू ड्रायव्हरवर केलेला. तो आधी आत ओढून घेतला, नाहीतर माझ्या डिप्लॉयनं तो पुसला असता.

चुकीच्या जोडण्या तोडल्या, शिरोलीची फाइल पुन्हा वाचायला लावली, मग गोकुळ शिरगावची. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचा ड्रायव्हर शेवटी. रांगेत साठलेलं भराभरा गेलं. दुपारी स्टोअरच्या पाटलांना स्वतःचं लॉगिन मिळालं.

अडकलेल्या नोंदींची यादी आण्णा मस्टरशी ताडत बसले होते. त्यातली एकेक सुटत गेली. ट्रेसमध्ये मला एक यूएएन दोन्ही फाइलींत दिसला, एकाच माणसावर दोन्ही ड्रायव्हर जोडलेले. वाटलं, पुन्हा तेच. आण्णांनी नाव वाचलं आणि चष्मा काढला. माणूस खरंच एकच होता. गोकुळ शिरगावला बदली होऊन गेलेला, पण शिरोलीच्या मस्टरवरून त्याचं नाव कुणी कमीच केलं नव्हतं. त्या महिन्यांचा पगार कुठं गेला ते विचारायचं काम माझं नव्हतं. आण्णांनी कागद घडी करून खिशात घातला आणि एचआरच्या केबिनकडं निघाले.