दोनाचा एक का केला

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, पण विचारणारे तुम्ही पहिले नाही. माझी जुनी मोटरसायकल कुठेही उभी केली की जाणकार माणूस आधी टाकी बघतो, मग वाकून खाली बघतो आणि म्हणतो, "हिला दोन कार्ब असतात ना? एकच का?" कार्ब म्हणजे कार्ब्युरेटर, इंजिनाला हवा-पेट्रोलचं मिश्रण पुरवणारा भाग. विचारण्याच्या सुरातच निकाल लागलेला असतो. ज्यांना गाडीतलं काही कळत नाही ते हा प्रश्न कधीच विचारत नाहीत. ज्यांच्या मताची मला किंमत आहे तेच विचारतात, म्हणून तो लागतो.

आजवर मी आळीपाळीने तीन उत्तरं दिली आहेत. पार्ट मिळत नाहीत. सारखं ट्यूनिंग करून कंटाळलो. अशीच बरी चालते. तिन्ही खरी आहेत, पण तिन्ही एकत्र केली तरी उत्तर पुरं होत नाही. आता एकदाच सगळं सांगून टाकतो.

गाडी यामाहा एक्सएस ६५०. हिचे मूळचे दोन मिकुनी कंपनीचे बीएस ३८ कार्ब (३८ म्हणजे तोंडाचं माप, मिलिमीटरमध्ये) व्हॅक्यूमवर, म्हणजे इंजिनाच्या ओढीवर, चालणारे. आपण मूठ पिळली की फक्त आतली बटरफ्लाय, म्हणजे हवेची झडप, उघडते. हवेची वाट मोठी करणारी स्लाइड वर उचलते ती इंजिनाच्या ओढीने, एका पातळ रबरी पडद्याच्या, डायाफ्रामच्या, जोरावर. सगळं नवं असतं तेव्हा याच्यासारखं सुख नाही. कितीही घाईने मूठ पिळा, इंजिन गुदमरत नाही, त्याला झेपेल तेवढीच हवा ते घेतं. पण चाळीस वर्षं उलटली की डायाफ्रामला केसाएवढी चीर पडते, बटरफ्लायच्या दांड्याची सीलं झिजतात आणि दांडा आपल्या भोकात खुळखुळायला लागतो. त्या फटीतून हवा आत शिरते. दोन्हीकडे सारखीच झीज झाली असती तर निभावून नेलं असतं, पण तसं कधीच होत नाही.

दोन कार्ब एकमेकांशी जुळवायला मी घरीच साधन केलं होतं. एका उभ्या फळीवर पारदर्शक नळी इंग्रजी यूच्या आकारात ठोकली आणि तळाला थोडं टू-स्ट्रोक तेल भरलं. नळीची दोन टोकं दोन इनटेकच्या, म्हणजे इंजिनात मिश्रण आत जायच्या वाटांच्या, व्हॅक्यूमच्या तोट्यांना लावायची आणि इंजिन चालू करायचं. ज्या बाजूची ओढ जास्त त्या बाजूला तेल चढतं. मग दोन कार्बच्या मधला स्क्रू किंचित किंचित फिरवायचा, दोन्हीकडचं तेल एका रेषेत येईपर्यंत. एकदा घाईत मूठ जोरात पिळली गेली, फळीवरचं सगळं तेल एका घोटात इंजिनात गेलं आणि पाऊण तास निळा धूर निघत राहिला. साधन मात्र चोख होतं. या रविवारी तेल एका रेषेत आणावं आणि पुढच्या रविवारी बघावं तर वीतभर फरक. दांडाच हलतोय तर जुळणी टिकणार कशी? हे कळायला मला दोन वर्षं लागली. ती दोन वर्षं मी स्वतःच्या हातालाच दोष देत होतो.

इथे माझंच एक जुनं वाक्य मला आडवं येतं. माझ्या मित्राने माझ्या आधी त्याच्या गाडीला एक कार्ब बसवला, तेव्हा मी त्याला चारचौघांत म्हणालो होतो, "ज्याला जुळवता येत नाही तो काढून टाकतो." तो काही बोलला नाही. आज तुम्ही मला जे विचारता तेच मी त्याला ऐकवलं होतं, तेही प्रश्न न विचारता.

आता माझी बाजू. एक कार्ब म्हणजे इंजिनाचा अपमान, असं मानणाऱ्यांनी ट्रायम्फ या ब्रिटिश कंपनीच्या मोटरसायकलींकडे बघावं. १९५९ साली दोन कार्बची बॉनव्हिल आली, आणि त्याच ६५० इंजिनावर एका कार्बची टीआर ६ सुद्धा कारखान्यातून निघत राहिली. रोज चालवणारे कित्येक जण मुद्दाम तीच घेत. दोन कार्बचा फायदा वरच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन जोरात फिरत असताना. खाली आणि मध्ये, जिथे आपण नव्वद टक्के वेळ असतो, तिथे एक नीट जुळलेला कार्ब दोन भांडणाऱ्या कार्बपेक्षा केव्हाही बरा.

ज्यांच्या मनात असंच काही करायचं असेल त्यांना एक गोष्ट कळकळीने सांगतो, क्रँक बघा, म्हणजे पिस्टन ज्या दांड्याला फिरवतात तो. माझ्या गाडीची क्रँक ३६० अंशांची. दोन्ही पिस्टन एकदम वर जातात, एकदम खाली येतात, पण फायरिंग आळीपाळीने होतं. त्यामुळे दर फेऱ्याला एक असे इनटेक समान अंतराने येतात, आणि मधला एकच कार्ब दोघांना सारखं वाढू शकतो. याच कारणाने दोन ३८ च्या जागी एक ३४ चा पुरतो, कारण पूर्ण जोराने ओढणारा एका वेळी एकच असतो. होंडाच्या जुन्या सीबी ३५० ची क्रँक १८० अंशांची. तिथे एक इनटेक झाला की दुसरा १८० अंशांनी आणि त्यानंतरचा थेट आणखी ५४० अंशांनी. एका कार्बवर ती दोन सिलिंडरं सारखी जेवत नाहीत. एक तुपात, एक उपाशी. माझं बघून तिथे करायला जाऊ नका.

मिकुनीचा व्हीएम ३४ आणला. साधा, गोल स्लाइडचा, मुठीची केबल थेट स्लाइडला. जेटिंगचा, म्हणजे पेट्रोलची बारीक भोकं आणि सुई योग्य मापाची निवडण्याचा, क्रम ठाऊक होताच. मूठ जेमतेम उघडी असताना पायलट जेट आणि एअर स्क्रू, त्यावर स्लाइडचा काप, पावपासून पाऊणपर्यंत नीडल, आणि त्यापुढे मेन जेट. १९० च्या मेन जेटपासून सुरुवात करून चढत चढत २२० वर आलो. त्यात काही अवघड गेलं नाही. अवघड गेला तो मॅनिफोल्ड.

दोन इनटेकना एका कार्बशी जोडणारा वाय आकाराचा मॅनिफोल्ड मी स्वतः बनवला. ॲल्युमिनियमचे पाइप कापले, कोन जुळवले, वेल्डिंग करून घेतलं. वेल्डिंगच्या उष्णतेने दोन्ही फ्लँज, म्हणजे इंजिनाला बोल्टने बसणाऱ्या सपाट पट्ट्या, किंचित वाकले. काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासत बसलो. डावा फ्लँज सपाट झाला. उजव्याच्या खालच्या कडेला उजेड दिसत होता, पोस्टकार्ड सरकेल एवढा. आणखी दोन तास घासलं असतं तर तोही झाला असता. मी तिथे गॅस्केटचा जाड कागद घातला आणि बोल्ट आवळले.

गाडी सुंदर चालली. आयडलिंग असं की टाकीवर नाणं उभं राहावं. रिकाम्या रस्त्यावर पूर्ण मूठ पिळून, क्लच दाबून, इंजिन बंद करून दोन्ही प्लग काढून पाहिले. दोन्ही तपकिरी, हवे तसे. त्या रात्री मित्राला फोन करून सांगितलं की झालं, जमलं.

आठवड्याभराने, नेहमीच्या फेरफटक्यानंतर, सहज पुन्हा प्लग काढले. डावा तपकिरी. उजवा पांढरा, खडूसारखा, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. दोन्ही प्लग तळहातावर शेजारी शेजारी ठेवून मी उभा होतो. ते दृश्य मला अजून दिसतं, कारण उत्तर त्या तळहातावरच होतं. कार्ब एकच आहे. दोघांना मिळणारं मिक्श्चर एकाच भांड्यातलं आहे. मग दोन प्लग दोन रंगांचे असतील तर दोष जेटचा नाही, दोष कार्बच्या पुढे आहे. उजव्या बाजूला कुठून तरी हवा शिरते आहे. लहान फट पूर्ण मुठीला फारशी बाधत नाही, कारण तेव्हा मॅनिफोल्डमध्ये ओढच कमी असते. अर्ध्या आणि पाव मुठीला मात्र बाधते. म्हणून पहिल्या परीक्षेत ती दिसली नव्हती. हे सगळं मला त्या क्षणी माहीत होतं, नंतर कुणी शिकवलेलं नाही. जोडावर कार्ब क्लीनरचा फवारा मारून पाहिला. आरपीएम हललं नाही. इंजिन तोवर थंड झालं होतं. गरम करून पुन्हा मारायला हवा होता. मी प्लगच खराब असेल म्हणून नवा घातला, कारण दुसऱ्या दिवशी मुलीला लांब घेऊन जायचं ठरलं होतं आणि मला ती गाडी तिला दाखवायची होती.

दीड तास सपाट रस्त्याने एकाच लयीत चाललो. ती मागे होती. मध्येच माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाली, "बाबा, आवाज वेगळा येतोय." मी म्हणालो, "वारा आहे." दोनच शब्द. त्यानंतर पाचेक मिनिटांत इंजिन कुणी खालून धरल्यासारखं जड झालं. क्लच दाबायला मला क्षणभर उशीर झाला. मागचं चाक घसरलं, गाडी आडवी झाली आणि आम्ही दोघं रस्त्याकडेच्या मातीत. मला खरचटलं. तिच्या उजव्या मनगटाचं हाड मोडलं. रडली नाही. मनगट डाव्या हाताने धरून बसली आणि मला विचारलं, "तुम्हाला लागलं का?"

नंतर इंजिन उघडलं. उजव्या फ्लँजच्या खालच्या कडेचा गॅस्केट भाजून आकसला होता आणि त्याचा एक तुकडा आत ओढला गेला होता. नखाएवढी फट. जास्त हवेने तापून उजवा पिस्टन चारी अंगांनी घासलेला, रिंगा खाचेत रुतलेल्या, बोअरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, उभे चरे. डावा पिस्टन जणू काही झालंच नाही असा.

तेव्हा जे म्हणतात की एका कार्बनेच गाडी गेली, त्यांना मी सांगतो की कार्बचा यात काडीचा दोष नाही. दोष त्या न घासलेल्या दोन तासांचा. आणि हे सांगताना मनात दुसरा आवाज असतो. मूळचे दोन कार्ब असते तर तो जोड मी बनवलाच नसता. कारखान्यातले दोन रबरी मॅनिफोल्ड असते, त्यांना काही झालं नसतं. या आवाजाला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

बोअर वाढवले, दोन्ही पिस्टन नवे. आणि मग तुम्हाला सगळ्यांत नवल वाटतं ते मी केलं, पुन्हा एकच कार्ब बसवला. हट्ट होता का? थोडा होता. पण या वेळी फ्लँज १० मिलिमीटर जाडीचे घेतले, लोखंडी प्लेटला आवळून मग वेल्डिंग केलं आणि शेवटी दोन्ही तोंडं मशीनवर एका पातळीत काढून घेतली. जोडाला कागदाऐवजी ओ-रिंग. मॅनिफोल्डची तोंडं बंद करून, आत हवा भरून, कढत पाण्यात बुडवून बघितला. एकही बुडबुडा नाही. त्यानंतर पहिले तीन महिने प्रत्येक फेरीनंतर प्लग काढले, आणि प्रत्येक वेळी दोन्ही शेजारी ठेवून बघितले. अजूनही बघतो.

काय गमावलं तेही सांगतो, म्हणजे लपवलं असं व्हायला नको. ६००० आरपीएमच्या वर गाडीचा दम संपतो. पूर्वी तिथून ती नव्याने पळायची. गारठ्यात लांब मॅनिफोल्डच्या गार भिंतींवर पेट्रोल थेंब होऊन बसतं, म्हणून गरम व्हायला वेळ घेते. मूठ एकदम पिळली तर क्षणभर गुदमरते, कारण आता मध्ये ते शहाणं डायाफ्राम नाही, स्लाइड माझ्याच हाताने उघडते. खालचा ओढा मात्र पूर्वी कधी नव्हता इतका गुळगुळीत आहे, आणि रविवारी मी गाडी चालवतो, फळीसमोर बसत नाही.

जुने दोन कार्ब मी टाकले नाहीत. तेल लावून, कापडात गुंडाळून एका डब्यात ठेवले आहेत. मुलगी आता स्वतःची गाडी स्वतः खोलते. मागच्या महिन्यात तिने तो डबा काढला, बटरफ्लायचा दांडा दोन बोटांत धरून वरखाली हलवून पाहिला. त्याच उजव्या हाताने, जो अजून पूर्ण वळत नाही.

"बाबा, इथे बुश बसवता येईल," ती म्हणाली, म्हणजे झिजलेल्या भोकात नवी नळी. "नवी सीलं, नवे डायाफ्राम. परत लावू या का?"

मी अजून हो म्हटलेलं नाही. डबा टेबलावरच आहे.