एका ओळीपुरतं डोकं

छाटणीला आज एकोणिसावा दिवस, आणि आमच्याकडे फेल काढणं चालू आहे. ज्यांची द्राक्षबाग नाही त्यांच्यासाठी सांगते, ऑक्टोबर छाटणीनंतर काडीवरचे डोळे फुटतात पण प्रत्येक फुटीला घड नसतो, मग ती वांझ फूट आणि एकाच जागी दाटीने आलेल्या जादा फुटी हाताने मोडून काढायच्या, म्हणजे राहिलेल्या घडांना ऊन-वारा मिळतो आणि फवारा आतपर्यंत पोचतो. निफाड तालुक्यात दोन एकर थॉमसन जातीची द्राक्षं आहेत आमची, नऊ बाय पाच फुटांवर, ४६ ओळी, ओळीला ४१-४२ झाडं. म्हणजे एकोणीसशेच्या आसपास झाडं, आणि झाडाला तीस घड धरले तरी पंचावन्न हजारांच्या वर घड, आणि यातल्या प्रत्येक घडाला पेटीत जाईपर्यंत कोणाचा ना कोणाचा हात पाच-सहा वेळा तरी लागतो. मी हा हिशोब कधी मुद्दाम केला नव्हता, परवा ओळीत उभी असताना सहज केला आणि तिथेच थांबले जरा.

लिहायला बसले त्याचं कारण वेगळं आहे. मागच्या आठवड्यात आमच्या भागातली एक वहिनी भेटली, नवऱ्याची नोकरी, बाग तीच बघते, माझ्यासारखीच. म्हणाली, ताई हात नाही हो दमत, डोकं दमतं, रात्री अंथरुणात पडले तरी बाग डोक्यात चालूच असते. मला माझी दोन वर्षांपूर्वीची अवस्था आठवली. तिला तिथे रस्त्यावर उभं राहून नीट सांगता आलं नाही म्हणून इथे लिहितेय.

सासऱ्यांचे गुडघे गेल्यावर बाग माझ्याकडे आली, त्याला सहा वर्षं झाली. यांची कंपनीत शिफ्ट ड्यूटी. सुरुवातीला वाटलं होतं की कष्ट जास्त पडतील, तेवढी तयारी होती, माहेरीही कांदा-टोमॅटो होताच. पण द्राक्षाचं वेगळंच असतं. छाटणीपासून काढणीपर्यंत एकशे दहा ते एकशे चाळीस दिवस, आणि या दिवसांत डोक्याला सुट्टी म्हणून नाही. सकाळी उठल्याबरोबर पहिलं काय तर पानावर दव किती आहे ते बघायचं, कारण पान किती वेळ ओलं राहिलं यावर डाउनी रोगाचं गणित, मग आभाळ बघायचं, मग जीए, म्हणजे वाढीचं संजीवक, आज घ्यायचा की उद्या, डोस किती पीपीएम, पाण्याचा पीएच किती, फवारणीचा ब्लोअरवाला सहाला म्हणालाय पण येईल ना, या आठवड्यात शेतीची लाईट दिवसाची की रात्रीची, मजुरांच्या टोळीत बारा बाया सांगितल्यात पण आठच आल्या तर, मुलांचे डबे, सासऱ्यांची गोळी, सोसायटीचा हप्ता, आणि हे सगळं एकदम, एकामागे एक नाही.

त्यात एक्स्पोर्टचा माल करायचा म्हटलं की प्रत्येक फवारणी चार महिने मागे लागते. आज काय मारलं ते मार्चमध्ये रेसिड्यूच्या, म्हणजे मालात औषधाचा अंश किती उरला त्याच्या, रिपोर्टवर दिसणार. जुन्या बागायतदारांना २०१० साल आठवत असेल, लिहोसिन या वाढ आवरणाऱ्या औषधाचे, म्हणजे क्लोरमेक्वाटचे अंश सापडले म्हणून युरोपात आपला माल अडकला होता, आणि ते तर वर्षानुवर्षं सगळेच वापरत होते. तेव्हा माझं लग्नही झालेलं नव्हतं, पण सासरे अजून सांगतात. त्यामुळे होतं काय की औषध निवडताना आज जी भीती असते ती रोगाची वेगळी आणि रिपोर्टची वेगळी, दोन्ही एकाच वेळी.

मग आलं २०२३. आमची छाटणी १२ ऑक्टोबरची होती, घड चांगले निघाले होते, सेटिंग झालं होतं, म्हणजे फुलांचे मणी धरले होते. २६ नोव्हेंबरला, रविवार होता, गारा झाल्या. आमच्या तालुक्यात, दिंडोरीकडे, चांदवडकडे, सगळीकडेच. मण्यांना मार लागला, पानं फाटली, काड्यांवर पांढरे व्रण. बांधाच्या त्या बाजूच्या शेजाऱ्यांचं आमच्यापेक्षा जास्त गेलं त्यामुळे रडायचीही चोरी वाटत होती. पण मला सांगायचंय ते नुकसानीचं नाही, नुकसानीनंतरच्या आठ दिवसांचं आहे. त्या आठ दिवसांत माझ्याच्याने एकही निर्णय होईना. मार लागलेले मणी काढायचे की घडच काढायचा, आधी फवारा की आधी कात्री, पंचनाम्याला कोण येणार, लेबर मिळेना कारण सगळ्यांना एकदम पाहिजे, आणि मोबाईलवर सात ग्रुप, प्रत्येकात वेगळं शेड्यूल, वेगळा सल्ला, कोणाचा हवामानाचा स्क्रीनशॉट, कोणाच्या बागेचा व्हिडिओ. मी शेडमध्ये खुर्चीवर बसून नुसती फोन वर-खाली करत होते. मुलीने पाण्याचा तांब्या आणून दिला तर तिच्यावर ओरडले. का ओरडले ते आजही सांगता येणार नाही. डॉक्टरांकडे गेले तर बीपी वाढलेलं, त्यांनी पहिला प्रश्न विचारला झोप किती लागते, आणि मला उत्तर देता आलं नाही.

नवव्या की दहाव्या दिवशी चारच बाया आल्या. चार बायांत काय होणार म्हणून मी पण कात्री घेतली आणि शेवटची, ४६ नंबरची ओळ धरली, फुटका मणी दिसला की काढायचा, पुढचा घड. संध्याकाळपर्यंत अर्धी ओळही झाली नाही, मान अवघडली, बोटं चिकट आणि काळी. पण त्या रात्री मी जेवले आणि झोपले. पावणेदहाला झोपले ते सकाळी दारात पिकअपचा हॉर्न वाजला तेव्हा उठले.

तेव्हा वाटलं दमले म्हणून झोप आली असेल. पण दमत तर मी रोजच होते. हे कळायला मला वही लागली. फवारणीची वही एक्स्पोर्टवाल्यांना ठेवावीच लागते, तारीख, औषध, प्रमाण, काढणीपूर्वीचे दिवस. त्याच वहीच्या मागच्या पानावर मी त्या सीझनला रोज दोन गोष्टी लिहायला लागले, आज ओळ धरली की नाही, आणि रात्री झोप कशी. जानेवारीत ती पानं परत बघितली तर ओळ धरलेल्या दिवसांपुढे बहुतेक ठिकाणी "बरी" लिहिलेलं आणि नुसत्या मालकिणीसारखं फिरून, फोन करून, हिशोब करून काढलेल्या दिवसांपुढे "नाही". अगदी प्रत्येक दिवशी नाही, पण माझे मला कळण्याइतकं.

मग मी विचार करत राहिले की असं का. ओळीत काय कमी निर्णय असतात का? उलट जास्तच. एका झाडावर चाळीस-पन्नास वेळा ठरवावं लागतं, ही ठेवू की ती, हिला घड आहे पण बारीक आहे, हिची जागा चांगली आहे पण वांझ आहे. फरक असा आहे की ओळीतला निर्णय तिथेच संपतो. फूट बुडापासून मोडली, कट्ट आवाज आला, खाली पडली, झालं. ती परत येऊन विचारत नाही की मला का मोडलंस. शेडमधला निर्णय संपतच नाही. फवारा मारला तरी दोन तासांनी आभाळ आलं की परत सुरू, धुवून जाईल का, परत मारावं लागेल का, जास्त तर झालं नाही ना. व्यापाऱ्याला माल दिला तरी संपत नाही, एका वर्षी एका व्यापाऱ्याने पैसे अडकवले तर तो विषय दीड वर्ष रोज रात्री माझ्या उशाशी होता. म्हणजे कामाच्या ढिगाने माझं डोकं जड होत नव्हतं, उघड्या राहिलेल्या गोष्टींनी होत होतं. हे ज्या दिवशी नीट कळलं त्या दिवसापासून मी दोन गोष्टी बदलल्या.

पहिली म्हणजे जे आपोआप संपत नाही त्याला मी वेळ ठरवून संपवते. संध्याकाळी सहा वाजता मी आणि हे, शिफ्ट असेल तर फोनवर, उद्याचं ठरवतो. हवामानाचा अंदाज बघायचा दोनदाच, सकाळी आणि या सहाच्या वेळी. ज्या एका सल्लागारांचं आम्ही ऐकतो त्यांना त्याआधी फोन. मग ठरलं ते वहीत लिहायचं, आणि मुख्य म्हणजे कशावर बदलायचं तेही लिहायचं, उदाहरणार्थ "उद्या सकाळी फवारा, रात्रीत पाऊस झाला तर पान वाळेपर्यंत थांबून मग." हे दुसरं वाक्य फार कामाचं आहे, त्याच्यामुळे रात्री दोन वाजता पत्र्यावर थेंब वाजले तरी विचार करायचा राहत नाही, ठरलेलं असतं. सातपैकी सहा ग्रुप सोडले. म्यूट करून बघितले होते आधी, पण म्यूट केलेलाही ग्रुप उघडून बघायची सवय जात नव्हती. लेबरचा हिशोब पूर्ण यांच्याकडे दिला, पूर्ण म्हणजे पूर्ण, मी आठवण करायची नाही. यात आमची भांडणं झाली, खोटं कशाला सांगू. "तू सांग मी करतो" असं हे म्हणायचे, आणि सांगणं हेच तर काम आहे हे पटवायला मला एक सीझन लागला.

दुसरी गोष्ट म्हणजे लेबर पूर्ण असलं तरी मी दिवसातून अर्धी ओळ तरी स्वतः धरते. फोन शेडमध्ये डब्यात.

आधी बायांना ते आवडलं नाही. मालकीण शेजारच्या ओळीत म्हणजे लक्ष ठेवायला आली असंच त्यांना वाटायचं, गप्पा बंद व्हायच्या. म्हणून मी कडेची ओळ घेते, ४६ नाहीतर १. आता त्यांची सवय झाली. पेठ-सुरगाण्याकडच्या आहेत बऱ्याचशा, सीझनपुरत्या येऊन राहतात. त्यातल्या एका मावशीला मी एकदा उत्साहाने सांगितलं की मला ओळीत कसं शांत वाटतं, तर ती म्हणाली, तुझं बरंय ताई, माझं डोकं इथं कुठं असतंय, ते पोरांपाशी पाड्यावर असतंय. मला तेव्हा काही बोलता आलं नाही. तिच्यासाठी ही ओळ रोजाची आहे, सहा वाजता माझ्यासारखं बसून काही ठरवायची सोय तिला नाही. तेव्हापासून मी एवढं करते की दुपारच्या सुट्टीत सगळ्यांचे फोन चार्जिंगला लावायची सोय शेडमध्ये केली आणि उचल किती मिळणार हे टोळी आली त्याच दिवशी स्पष्ट सांगते. त्याने तिचं डोकं किती हलकं होतं मला माहीत नाही, पण तिने या वर्षी येताना नाचणी आणली आमच्यासाठी.

आणि सगळंच काम असं समाधानाचं असतं असंही नाही. माल निघाल्यावरची एप्रिलची खरड छाटणी, चाळीस डिग्री ऊन, मांडवावर पान नाही, त्यात मला काही शांत-बिंत वाटत नाही, नुसतं कधी संपेल असं होतं. छाटणीनंतरच्या पेस्टिंगला, म्हणजे डोळे फुटावेत म्हणून काडीला औषध लावताना, तर डोकं ताळ्यावरच ठेवावं लागतं, हातमोजे, अंगभर कपडे, तिथे तंद्री लागून चालतच नाही. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे थंडी उतरते, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा आकडा पेपरात येतो तीच आमची थंडी, पिकायला लागून पाणी उतरलेल्या मण्याला तडे जातात म्हणून पहाटे बागेत शेकोट्या करायच्या आणि ड्रीप सोडायचं, त्या पहाटे जीव टांगणीलाच असतो, वही असो नसो.

आणि अजून एक, हे नीट वाचा. ज्याची झोप आठवडे-आठवडे गेलीय, भूक नाही, बागेत पाऊल टाकवत नाही, किंवा जगणं नको वाटतंय, त्याला "ओळ धर, बरं वाटेल" असं सांगू नका. मीही सांगत नाहीये. तिथे डॉक्टरच पाहिजे, आणि जाववत नसेल तर टेलि-मानसचा १४४१६ नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्री लागतो, मराठीत बोलता येतं. आमच्या शेडमध्ये फवारणीच्या तक्त्याशेजारी तो मी मोठ्या अक्षरात लिहून ठेवलाय. दोघांनी तो फोनमध्ये उतरवून घेताना मी पाहिलंय, काही विचारलं नाही.

तर त्या वहिनींसाठी, फेल काढताना कधी ओळीच्या शेवटी पोचल्यावर मागे वळून बघा. सकाळी खाली नुसती गार सावली होती तिथे आता उन्हाचे कवडसे पडलेले असतात, पायाखाली मोडलेल्या फुटींचा हिरवा थर, आणि वर प्रत्येक काडीवर घड मोकळा लटकलेला दिसतो. तेवढी बेचाळीस झाडं आज मी केली हे डोळ्याने दिसतं. मला दिवसभरात दुसरं असं काहीच दिसत नाही जे पूर्ण झालंय, ना घरात ना बागेत. मुलगी परवा म्हणाली, आई तू आज ओळ धरली होतीस ना. मी विचारलं तुला कसं कळलं, तर म्हणे तू वेणी घालताना ओढली नाहीस.

आत्ता बाहेर ढगाळ आहे, दिंडोरीच्या बाजूला वीज चमकतेय. सहा वाजता ठरलंय, वहीत लिहिलंय. ३१ ओळी झाल्या, पंधरा राहिल्या, माझ्या कडेच्या ओळीत अजून नऊ झाडं आहेत.