विनिपेगचा हिवाळा आणि न उघडणारा फॉर्म

बाहेरच्या देशात मिशनसाठी, म्हणजे चर्चच्या धर्मप्रसाराच्या सेवेसाठी, जाणाऱ्या मुलामुलींनी एक गोष्ट सर्वांत आधी लक्षात ठेवावी. विमानतळावर पासपोर्टवर शिक्का बसला, की तो उजेडात नीट वाचावा. माझ्या शिक्क्यावर मुक्कामाची शेवटची तारीख लिहिलेली नव्हती. कॅनडात अशा शिक्क्याचा अर्थ प्रवेशाच्या दिवसापासून सहा महिने असा होतो. मी 12 मे 2019 रोजी विनिपेगला उतरले आणि मला हा अर्थ सप्टेंबरच्या शेवटी कळला.

मी मुंबईची. द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स, म्हणजे ज्याला लोक मॉर्मन चर्च म्हणून ओळखतात, त्या चर्चची मी सभासद आहे. आमच्यात मुलींचे मिशन अठरा महिन्यांचे असते. व्हिसा, वैद्यकीय तपासणी, बोटांचे ठसे हे सारे मुंबईतच विनासायास झाले, म्हणून त्याबद्दल लिहीत नाही.

आमचे काम शहराच्या नैर्ऋत्येला, ब्रिजवॉटरच्या नव्या वस्तीत होते. तिथेच मॅनिटोबा प्रांतातले आमचे पहिले मंदिर उभे राहत होते. त्याचे भूमिपूजन 3 डिसेंबर 2016 रोजी, म्हणजे तेही थंडीतच झाले होते. रविवारची उपासना आम्ही साध्या प्रार्थनागृहात करतो. मंदिर वेगळे असते. पती-पत्नी आणि मुले कायमची एकत्र बांधली जातात असा जो विधी आम्ही मानतो, तो मंदिरातच होतो. विनिपेगच्या कुटुंबांना त्यासाठी शेजारच्या प्रांतातल्या रजायना शहरापर्यंत पावणेसहाशे किलोमीटर जावे लागे. आम्हा भारतातल्या सभासदांना तर हाँगकाँग गाठावे लागे, त्यामुळे त्या कुंपणापलीकडची प्रत्येक वीट मला आपली वाटे. रोज सकाळी मी आणि माझी मिशनमधली जोडीदारीण, आम्ही दोघी तिथून चालत जात असू, आणि कामगारांच्या तोंडातून निघणाऱ्या वाफेवरून त्या दिवशी थंडी किती आहे याचा अंदाज घेत असू.

आता फॉर्मविषयी. मुदत संपण्याच्या किमान तीस दिवस आधी मुक्काम वाढवण्याचा अर्ज ऑनलाइन करावा, असे तिथले अधिकारी सुचवतात. शुल्क 100 डॉलर होते, कागद मोजके होते आणि मिशनच्या कचेरीने पत्रही लगेच दिले. अडले ते फक्त फॉर्मपाशी. तो पीडीएफ होता, पण फोनवर उघडला की पांढरे पान दिसे आणि त्यावर इंग्रजीत ‘प्लीज वेट’ एवढेच लिहिलेले असे. मी खरोखरच थांबले. दहा मिनिटे, पंधरा मिनिटे. आपले इंटरनेट मंद असेल असे मला वाटत राहिले.

मिशनरीकडे स्वतःचा लॅपटॉप नसतो आणि खासगी कामाला आठवड्यातून एकच दिवस मिळतो, आमचा तो सोमवार होता. म्हणजे प्रत्येक फसलेल्या प्रयत्नामागे एक पूर्ण आठवडा जाई. 30 सप्टेंबरचा सोमवार फोनवर गेला. 7 ऑक्टोबरला सार्वजनिक वाचनालयातल्या संगणकावर बसले, तिथेही तेच पांढरे पान आले. मदतीच्या क्रमांकावर फोन केला, तेव्हा पाऊण तास संगीत ऐकवल्यानंतर ‘सगळी माहिती संकेतस्थळावर आहे’ असे सांगून फोन ठेवण्यात आला. ज्या फॉर्मवर माणसाचे त्या देशात कायदेशीर राहणे अवलंबून आहे, तो कशात उघडायचा हे त्या पांढऱ्या पानावर ठळक आणि साध्या शब्दांत का लिहू नये, हे मला अजून कळलेले नाही. त्या दोन ओळी असत्या तर माझे तीन आठवडे वाचले असते, आणि आईशी व्हिडिओ कॉलवर बोलताना दर आठवड्याला ‘होईल गं, होईल’ असे खोटे हसून सांगावे लागले नसते.

10 ऑक्टोबरच्या रात्री वादळ आले. झाडांवर पाने असतानाच ओला, जड बर्फ पडला, फांद्या मोडून तारांवर कोसळल्या आणि शहराचे कितीतरी भाग अंधारात गेले. पुढचे काही दिवस आम्ही म्हाताऱ्या लोकांच्या अंगणातल्या फांद्या ओढण्यात घालवला, आणि ते काम मला मनापासून आवडले. पुढचा सोमवार 14 तारखेचा होता. त्या दिवशी कॅनडाचा थँक्सगिव्हिंग, म्हणून वाचनालय बंद. बंद दारासमोर उभी असताना मला रडू आले.

बुधवारी आम्ही मंदिराच्या जवळच्या एका गल्लीत दारे ठोठावत होतो. एका दारावर झेंडूचे प्लास्टिकचे तोरण होते. काकूंनी दार उघडले, माझ्या नावाची पट्टी वाचली आणि मराठीत म्हणाल्या, “अगं, आधी आत या. बोलणं नंतर.” ते कुंपणापलीकडचे मंदिर कुठल्या देवाचे, हे त्यांनी विचारले आणि मी सांगितलेले शांतपणे ऐकून घेतले. “आमचं आमच्या घरी चाललंय, पण तुम्ही चहा घ्या,” असे त्या म्हणाल्या. आम्ही चहा घेत नाही हे कळल्यावर त्यांनी गरम दूध दिले. बोलता बोलता फॉर्मचा विषय निघाला, तशा त्या ताडकन उठल्या. सासूबाईंचा मुक्काम वाढवताना त्यांनी हाच फॉर्म भरला होता.

“तो ब्राउझरमध्ये उघडतच नाही. आधी संगणकावर सेव्ह करायचा, मग अ‍ॅडोबी रीडरमधून उघडायचा.” त्यांनी लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. पांढरे पान गेले आणि रकाने दिसले. मी इतका वेळ फक्त बघतच राहिले, की काकूंनी माझ्या हातावर हात ठेवला.

सोमवारी, 21 तारखेला, त्यांच्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर फॉर्म भरला. नाव पासपोर्टवर आहे तसेच लिहा, वडिलांचे नाव त्यात असेल तर तेही. फोनच्या रकान्यात आधी ‘कॅनडा/अमेरिका’ की ‘इतर’ हे निवडावे लागते, तिथे मी चुकले होते. शेवटी ‘व्हॅलिडेट’ दाबले की चुकलेल्या रकान्यांभोवती लाल चौकट येते. सगळे बरोबर असेल तर शेवटच्या पानावर बारकोड उमटतात. ते उमटल्याशिवाय फॉर्म पाठवू नका.

मुदतीच्या आत अर्ज पोचला असेल, तर निर्णय होईपर्यंत त्याच अटींवर राहता येते. मात्र पोचपावती छापून जवळ ठेवा आणि देशाबाहेर जाऊ नका. निर्णय यायला फेब्रुवारी उजाडला. तोपर्यंत वाऱ्यामुळे शून्याखाली 40 अंशांसारखी थंडी वाजणारे दिवस आम्ही काढले. अशा वेळी उघडी कातडी काही मिनिटांत गोठते. फोन कोटाच्या आतल्या खिशात ठेवावा, नाहीतर बॅटरी अचानक बंद पडते. ओल्या केसांनी बाहेर पडू नये. डिसेंबर 2018 पासून आम्हा मुलींना पँट घालण्याची मुभा मिळाली होती, आणि तिचे मोल मला जानेवारीत बसथांब्यावर कळले.

मुदतवाढीचा तो कागद जेमतेम महिनाभर वापरला. मार्च 2020 मध्ये साथीमुळे मला मुंबईला परत पाठवण्यात आले. मंदिराचे समर्पण 31 ऑक्टोबर 2021 रोजी आमच्या चर्चचे एक प्रेषित, एल्डर गेरिट गाँग यांच्या हस्ते झाले. त्यानंतरच्या हिवाळ्यात काकूंनी एक फोटो पाठवला. कुंपण गेलेले आहे, दिवे लागलेले आहेत, आणि आम्ही दोघी सकाळी जिथे उभ्या राहत असू तिथे गुडघाभर बर्फ आहे.