आमची वाटचाल : प्रेसच्या मजुरीपासून केजच्या डिझाइनपर्यंत

भोसरीत आमची सुरुवात झाली ती टेपर (निमुळत्या) रोलर बेअरिंगचे पत्र्याचे केज, म्हणजे रोलर खिडक्यांत धरून ठेवणाऱ्या कड्या, मारून देण्यापासून. ड्रॉइंग ग्राहकाचे, पत्रा ग्राहकाचा, प्रेस आणि मजुरी आमची. आज पत्रा, पितळ आणि ग्लास फायबर मिसळलेले नायलॉन या तिन्हींत आमच्या ड्रॉइंगवर केज बनतात. केजकडे आम्ही कसे बघत गेलो ते इथे मांडतो. चौकशी पाठवणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल.

बेअरिंगमध्ये भार रोलर आणि रिंगा घेतात, केज घेत नाही. पण शेजारचे दोन रोलर एकमेकांना टेकले की त्या जागी त्यांचे पृष्ठभाग उलट दिशेने घासतात, म्हणून केज लागतो. भाराबाहेरच्या बाजूला रोलर सरळ ठेवायचे कामही त्याचेच. टेपर बेअरिंगमध्ये तर इनर रिंग हातात उचलली की रोलर गळू न देणे हीही त्याचीच जबाबदारी.

पत्र्याच्या केजचा क्रम ठरलेला : ब्लँक (कापलेली चकती), ड्रॉ करून म्हणजे दाबून खेचून वाटी, तळ छेदणे, खिडक्या पाडणे, खिडकीच्या कडा कॉइन करणे (दाबून आकार देणे). पत्रा खोल खेचता येणाऱ्या डीडी किंवा ईडीडी ग्रेडचा, कोल्ड रोल्ड. गडबड होते ती खिडक्यांत. पुढची खिडकी मागच्या खिडकीवर टेकवून मारली तर चूक साचत जाते. दर वेळी ०.०२ मिमी सरकले, तर १७ खिडक्यांच्या केजमध्ये शेवटची दांडी (दोन खिडक्यांमधली पट्टी) ०.३२ मिमीने बारीक किंवा जाड येते आणि तोच केज पुढे तिथेच तुटतो. त्यामुळे आम्ही इंडेक्स प्लेट (समान अंतरावर खाचा असलेली तबकडी) सोडून दुसऱ्या कशावर खिडक्या पाडत नाही. दुसरी गोष्ट बरची, म्हणजे कापलेल्या कडेला उरणाऱ्या धारदार कंगोऱ्याची. कडेला बर राहिला की तो रोलरवरचा तेलाचा थर खरवडत राहतो. पंच बोथट झाल्याचे आधी बोटाला कळते, गेजला नंतर.

टेपरचा केज ग्राहकाकडे जाण्यापूर्वी थोडा फुलवावा लागतो. रोलर भरून इनर रिंग बसली की डायमध्ये दाबून तो आवळतात. जास्त आवळला तर रोलर जड फिरतात, कमी आवळला तर उचलताना पडतात. दोन्हींतला फरक मिमीच्या दहाव्या भागातला.

डिझाइन हातात घेतल्यावर पहिला वाद नेहमी रोलरच्या संख्येवर होतो. पिच सर्कल (रोलरच्या मध्यांतून जाणारे वर्तुळ) ६० मिमी व्यासाचे, रोलर १० मिमी, रोलर १४ असे धरू. दोन रोलरच्या मध्यांतले सरळ अंतर १३.३५ मिमी येते; खिडकीत ०.२ मिमी मोकळीक सोडली तर दांडीला ३.१५ मिमी उरतात. ग्राहक म्हणतो, १६ रोलर घाला. रेटिंगच्या सूत्राप्रमाणे क्षमता साधारण १० टक्क्यांनी वाढते आणि कागदावर आयुष्य ४० टक्क्यांनी. मोह पडतोच. पण आता दांडी उरते १.५ मिमी. पत्र्यात ती चालेल, शिवाय पत्र्याचा केज पिच सर्कलपेक्षा थोडा वर बसवून आणखी जागा काढता येते. पितळ किंवा नायलॉनमध्ये मात्र आम्ही सरळ नाही म्हणतो. दांडी तुटल्यावर ते ४० टक्के कोणाच्या कामाचे?

खिडकीच्या कोपऱ्यातली गोलाई हाही असाच विषय. काटकोनी कोपऱ्यातून तडा निघतो, रोलरच्या टोकाचा चँफर (उतरती कड) परवानगी देईल तेवढा रेडियस तिथे द्यायचा.

मोठ्या आणि धक्के खाणाऱ्या कामाला पितळ. ट्यूब बहुतेक जामनगरहून येते. रोलर-गाइडेड (रोलरवरच टेकून फिरणारा) केज स्वस्त आणि साध्या पंप-मोटरला पुरेसा. खडी क्रशरच्या व्हायब्रेटिंग स्क्रीनला तो देऊ नये. तिथे केजचे स्वतःचे वजनच त्याला आपटत असते. तो मार खिडक्यांवर न येता आउटर रिंगच्या कडेवर जावा, म्हणून तिथे केज आउटर रिंगवर गाइड करतात. दोन भाग रिव्हेटने जोडलेल्या केजपेक्षा तिथे अखंड केज बरा. रिव्हेटची डोकी कंपनाने उडतात. आणि कोल्ड स्टोरेजच्या अमोनिया कॉम्प्रेसरला पितळी केज कितीही आग्रह झाला तरी देत नाही. अमोनियात ताणाखालचे पितळ चिरते.

नायलॉनकडे, म्हणजे २५ टक्के ग्लासच्या पीए ६६ कडे, आम्ही सर्वांत शेवटी आलो. हलके, आवाज कमी, तेल तुटले तरी काही काळ तग धरणारे. कायमचे १२० अंशांपलीकडे तापमान असेल किंवा ईपी तेल (जास्त दाबासाठी रसायने मिसळलेले) खूप गरम राहत असेल, तर हे विसरा. साच्यातून आलेला कोरडा केज ठिसूळ असतो. तसाच रोलर दाबून बसवला की खिडकीचा ओठ तडकतो. म्हणून आधी पाणी शोषू द्यायचे, आणि त्याने माप वाढते हे साच्यातच धरायचे.

खरी मेख गेटची, म्हणजे साच्यात माल शिरतो त्या तोंडाची. दोन गेटमधून आलेला माल जिथे भेटतो तिथे ग्लासचे धागे भेटीच्या रेषेपलीकडे जात नाहीत, ती जागा कच्ची राहते. १४ खिडक्यांच्या केजला दोन गेट समोरासमोरच्या दांड्यांवर घेतले, तर भेट होते साडेतीन खिडक्यांवर, म्हणजे खिडकीच्या मधोमध, जिथे केजचे कडे सर्वांत बारीक. तेच गेट एका बाजूने ६ आणि दुसऱ्या बाजूने ८ खिडक्या अंतरावर ठेवले, की भेट तिसऱ्या आणि चौथ्या खिडकीनंतरच्या दांडीवर पडते, जिथे माल भरपूर. गोलाई थोडी बिघडते. ती साच्यात भरून काढता येते.

चौकशीत बेअरिंग नंबर पुरत नाही. आरपीएम, तापमान, तेल की ग्रीस, शाफ्ट आडवा की उभा, आणि शाफ्ट वाकतो का, हे लिहा. वरच्याच ६० मिमी पिच सर्कल आणि १० मिमी रोलरच्या बेअरिंगमध्ये इनर रिंग ३००० आरपीएमने फिरली तर केज १२५० ने फिरतो. शाफ्ट तिरका असेल तर काही रोलर त्या वेगाच्या पुढे पळतात, काही मागे रेंगाळतात आणि ओढाताण दांड्यांवर येते. तुटलेला केज पाठवत असाल तर धुऊ नका, पुसूही नका. खिडकीची कोणती बाजू घासली आहे आणि ग्रीस कुठे काळे पडले आहे, यावरूनच निम्मे उत्तर मिळते.