‘रोगाचे नाव’ हा रकाना

बागेत ग्लायफोसेट हे तणनाशक मारायला सुरुवात मीच केली. राजापूरच्या आमच्या बाजूला बेणणीला, म्हणजे गवत काढायला, माणूस मिळेना. पंप पाठीला लावला की आठवड्या-दोन आठवड्यांत सगळा उतार पिवळा. सहा पावसाळे हेच. २०२२ च्या ऑक्टोबरात केंद्राने अधिसूचना काढली, की ग्लायफोसेट फक्त कीड नियंत्रण करणाऱ्या व्यावसायिकांनीच वापरायचं. माझा पंप त्यानंतरही चालूच होता, लपवत नाही.

मग हापूसच्या मधल्या जागेत लावलेली काजूची नवी कलमं हलेनात. त्याच खेपेला आणलेली, दगडी गडग्यापलीकडच्या न फवारलेल्या तुकड्यातली कंबरेला लागली, माझी गुडघ्याशीच.

मृदा आरोग्य पत्रिका काढली. तिच्यात १२ गोष्टी असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं. बुरशी नाही, आणि मला तीच बघायची होती. आमच्या जांभ्या मातीत स्फुरद असला तरी लोह आणि ॲल्युमिनियम त्याला धरून बसतात. मुळात राहणारी मायकोरायझा बुरशी मातीत तंतू पसरून तो झाडाला आणून देते. ग्लायफोसेट गवतातलं जे विकर (एन्झाइम) अडवतं, ते बुरश्यांतही असतं, हे वाचल्यापासून डोक्यात किडा वळवळत होता.

मुळं घेऊन एका प्रयोगशाळेत गेलो आणि तिथेच रुतलो. फॉर्मवर रकाना, ‘रोगाचे नाव व लक्षणे’.

“रोग नाहीये,” मी म्हटलं.

“मग आलात कशाला?”

“चांगली बुरशी आहे का ते बघायचंय.”

खिडकीतल्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं. “काका, चांगली बुरशी कोण तपासतं? आणि रकाना रिकामा ठेवला तर कॉम्प्युटर पुढे जात नाही.”

मी ‘रोग नाही’ असं लिहिलं. कॉम्प्युटर पुढे गेला, पण साहेब मीटिंगला गेले होते. दुसऱ्या खेपेला फॉर्म परत, लक्षणं लिहा म्हणून. एसटीने दीड तास जायचं, दीड तास यायचं, वर पाऊस. तिसऱ्या खेपेला वैतागून ‘वाढ खुंटणे’ लिहिलं तेव्हा शिक्का बसला. २४ दिवसांनी रिपोर्ट: रोगकारक बुरशी आढळली नाही, तरी खबरदारी म्हणून ताम्रयुक्त बुरशीनाशकाची आळवणी करावी. म्हणजे मी जिला शोधत होतो तिलाच मारायचा सल्ला, सहीशिक्क्यानिशी! स्टँडवर बसून दोनदा वाचला.

(मुळं नेताना जाड मुळं नेऊ नका. झाडाच्या घेराच्या कडेची, दोऱ्यासारखी बारीक मुळं घ्या आणि ओल्या कागदात गुंडाळा. सुकली की संपलं.)

शेवटी पुतणीच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडमनी दोन दिवसांत काम केलं, फॉर्मबिर्म काही नाही. मुळं कॉस्टिक पोटॅशमध्ये गरम करून पांढरी केली, निळ्या रंगात बुडवली, काचेवर ठेवली. गडग्यापलीकडच्या मुळात, पेशीच्या आत, बुरशीची इवलीशी निळी झुडपं दिसली, फांदीला फांदी फुटलेली. माझ्या मुळात काच सरकवत राहिलो, तेव्हा कुठे एखादं.

“बघितलंत ना औषधाने काय केलं!” मी जवळजवळ ओरडलोच.

“सगळं औषधावर ढकलू नका, काका. ही बुरशी जिवंत मुळाशिवाय जगत नाही. सहा वर्षं तुम्ही गवताचं मूळच ठेवलं नाहीत, तिने राहायचं कुठे? आणि डीएपी किती घालता?”

किती घालतो ते सांगायची लाज वाटली. डीएपी म्हणजे स्फुरदाचं खत; स्फुरद आयता मिळाला की झाड बुरशीला फारसं विचारत नाही, म्हणाल्या.

आता ग्रासकटर आणलाय. आळ्यापुरतं साफ, बाकी गवत घोट्याएवढं ठेवतो. कलमांना यंदा नवी पालवी आलीय, पण पाऊसही चांगला झालाय, त्यामुळे एवढ्यात कॉलर ताठ करत नाही.

डीएपी घातल्यावर लगेच मातीचा नमुना काढू नका, हे राहिलंच. आणि पिशवीतली चिठ्ठी पेन्सिलीने लिहा. माझी पेनाची शाई ओल्या मुळांत विरघळली, कुठली पिशवी कुठल्या तुकड्यातली कळेना, आणि मॅडमकडे जायच्या आदल्या दिवशी भर पावसात पुन्हा कुदळ घेऊन जावं लागलं.